किल्ली कोणाकडे आहे?

चि. माऊस,
आत्याचे अनेक आशीर्वाद.

काल रात्री तुझा फोन ठेवला आणि मग झोप लागली नाही. ग्रामीण रुग्णालयात रुजू होऊन तुला जेमतेम तीन आठवडे झालेत. पोलीस रात्री अकराला अत्याचार झालेल्या एका मुलीला घेऊन आले, फॉर्म शोधण्यातच अर्धा तास गेला, एचआयव्हीची प्रतिबंधक औषधं ज्या कपाटात होती त्याला कुलूप होतं, आणि ती मुलगी तेवढा वेळ कॅज्युअल्टीच्या बाकावर ओढणीत तोंड लपवून बसून राहिली. हे सांगताना तुझा आवाज कापत होता. 'आत्या, तिला पहिलं काय विचारायचं हेच मला सुचेना,' असं तू म्हणालीस. ते वाक्य मनातून जाईना, म्हणून सकाळीच लिहायला बसले.

सोबत कुरिअरने एक जाड फाईल पाठवते आहे. पस्तीस वर्षांच्या सरकारी नोकरीत मी जमवलेली ही माझी खरी मालमत्ता. पण ती उघडण्याआधी एक गोष्ट ऐक. तुझ्या बाबांनासुद्धा मी ती कधी सांगितलेली नाही.

मी तुझ्याच वयाची होते. तालुक्याच्या एका दवाखान्यात माझी रात्रपाळी होती. हवालदार सतरा-अठरा वर्षांच्या मुलीला घेऊन आला. तेव्हा पुस्तकात जे शिकवलं होतं तेच मी केलं. दोन बोटांची तपासणी केली आणि ठरलेल्या भाषेत लिहिलं, की ही 'शरीरसंबंधांना सरावलेली' दिसते, अंगावर प्रतिकाराच्या खुणा नाहीत. खाली सही केली. दोन वर्षांनी साक्षीला गेले, तेव्हा आरोपीच्या वकिलाने माझंच अक्षर मोठ्याने वाचून दाखवलं. ती मुलगी समोरच्या बाकावर बसून माझ्याकडे बघत होती. आरोपी सुटला. मी खोटं काही लिहिलं नव्हतं, पण जे लिहिलं त्याचा तिच्यावर झालेल्या अत्याचाराशी काडीचाही संबंध नव्हता. हे कळायला मला पुढे बरीच वर्षं लागली.

म्हणून फाईलमधला पहिला कागद मथुरा खटल्याचा आहे. १९७२ साली देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात पोलिसांनी एका आदिवासी मुलीवर अत्याचार केल्याचा तो खटला. आज ते गाव गडचिरोली जिल्ह्यात येतं. वैद्यकीय तपासणी दुसऱ्या दिवशी झाली. अंगावर जखम नाही, योनीत दोन बोटं सहज जातात, असं डॉक्टरांनी नोंदवलं. तो कागद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. जखमा नाहीत म्हणजे प्रतिकार नाही आणि प्रतिकार नाही म्हणजे संमती, असा अर्थ तिथे लावला गेला आणि आरोपी सुटले. त्यावर १९७९ मध्ये उपेंद्र बक्षी, लोतिका सरकार, रघुनाथ केळकर आणि वसुधा धागमवार या कायद्याच्या चार प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना उघडं पत्र लिहिलं. त्या पत्रामुळे देशभर स्त्रिया रस्त्यावर उतरल्या आणि १९८३ मध्ये कायदा बदलला. माऊ, त्या सगळ्याच्या मुळाशी एका डॉक्टरने लिहिलेल्या चार ओळी होत्या. मध्यरात्री घाईघाईत आपण केस पेपरवर जे खरडतो ते किती लांब जातं, ते यावरून बघ.

दुसरा कागद लैंगिक अत्याचारानंतरच्या तपासणीबद्दल केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने दिलेल्या मार्गदर्शक सूचनांचा, २०१४ सालचा. त्याच्या समासात माझ्या पेन्सिलीच्या खुणा आहेत. दोन बोटांची तपासणी त्यात साफ बंद केली आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये ही तपासणी बाईच्या सन्मानाला धक्का देणारी ठरवली होती. २०२२ मध्ये त्याच न्यायालयाने पुढे जाऊन सांगितलं, की ती करणारा डॉक्टर गैरवर्तनाचा दोषी धरला जाईल. आपल्या आरोग्य विज्ञान विद्यापीठानेही २०१९ मध्ये कौमार्याच्या खुणांचा भाग अभ्यासक्रमातून काढला. त्यामागे सेवाग्रामच्या न्यायवैद्यक विभागातले डॉ. इंद्रजित खांडेकर यांचा पाठपुरावा होता. एवढं होऊनही एखादा वरिष्ठ तुला सांगेल, 'तो कॉलम भरून टाक.' तेव्हा हा कागद त्यांच्यासमोर ठेव आणि कॉलम कोरा सोड.

या सूचनांतलं मला सगळ्यात मोलाचं वाटतं ते म्हणजे बलात्कार झाला की नाही हे डॉक्टरने लिहायचंच नाही. तो निर्णय न्यायालयाचा. आपण लिहायचं ते एवढंच: तिने काय सांगितलं ते तिच्याच शब्दांत, काय दिसलं, काय घेतलं, काय दिलं. जखम दिसली नाही तर ती का दिसली नसेल हेही लिहायचं. धमकी होती का, भीतीने ती गोठून गेली होती का, मध्ये किती तास गेले, तिने आंघोळ केली का, कपडे बदलले का. मी त्या रात्री एवढी एक ओळ जास्त लिहिली असती तर!

आता कालच्या रात्रीकडे येते. पहिलं काय विचारायचं म्हणतेस, तर पहिल्यांदा विचारायचं, 'पाणी हवंय का?' मग तिला आडोशाला ने, तुझं नाव सांग, बाहेर कोण आलंय आणि ते आत हवेत की नकोत, ते विचार. तपासणीच्या खोलीत पोलीस नको, मग ती महिला शिपाई असली तरी. प्रत्येक पायरीला काय करणार ते सांगून संमती घे. तिला हवं तिथे थांबता येतं आणि थांबली म्हणून उपचार थांबत नाहीत, हे तिच्या कानावर घाल. ती स्वतःहून आली तर पोलिसांचं पत्र आणल्याशिवाय तपासणार नाही, असं म्हणायचा अधिकार कोणालाच नाही. दवाखाना सरकारी असो वा खासगी, तिच्यावर ताबडतोब आणि फुकट उपचार करणं कायद्याने बंधनकारक आहे. टाळाटाळ केली तर शिक्षा आहे. पूर्वी हे दंड प्रक्रिया संहितेत होतं, आता नागरिक सुरक्षा संहितेत कलम ३९७ आहे. आपण पोलिसांना कळवायचं असतं, पण तक्रार द्यायची की नाही हे सज्ञान बाईने ठरवायचं. ती नको म्हणाली तर तिचा नकार नीट समजावून घेऊन लिहून ठेवायचा. अठराच्या आतली मुलगी असेल तर मात्र पोक्सो कायद्याखाली पोलिसांना खबर द्यावीच लागते. तेही तिला आणि तिच्या आईला आधी सांग, पाठीमागून करू नकोस.

मग घड्याळ बघ. एचआयव्हीच्या प्रतिबंधक गोळ्या ७२ तासांच्या आत सुरू व्हायला हव्यात, जितक्या लवकर तितकं बरं, आणि पुढे २८ दिवस चालवायच्या. गर्भ राहू नये म्हणूनची गोळी पाच दिवसांपर्यंत देता येते, पण तीही लवकर दिली तरच भरवशाची. धनुर्वात, कावीळ ब, लैंगिक आजारांवरचे उपचार हे सगळं त्याच भेटीत. नमुने ९६ तासांपर्यंत घ्यायचे. कपडे काढताना पायाखाली मोठा कागद अंथरायचा, म्हणजे अंगावरून पडलेला कणही हाती राहतो. प्रत्येक कपडा वेगळा, सावलीत वाळवून, कागदी पाकिटात. प्लॅस्टिकच्या पिशवीत ओलसर कपडा कुजतो आणि पुरावाही. स्वॅबही वाळवूनच बंद करायचा. पाकिटावर सही, शिक्का, तारीख, वेळ, आणि कोणाच्या हातात दिलं त्याची नोंद. तपासणीच्या अहवालाची एक प्रत तिला फुकट द्यायची. तो तिचा हक्क आहे.

हे झालं पोलिसांबरोबर येणाऱ्यांचं. पण माऊ, तुझ्याकडे याहून कितीतरी जास्त बायका येतील त्या पोलिसांशिवाय, नवऱ्याबरोबर, ओपीडीच्या रांगेतून. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत देशातल्या विवाहित बायकांपैकी २९.३ टक्के बायकांनी नवऱ्याकडून कधी ना कधी हिंसा सोसल्याचं सांगितलं. ज्यांनी मारहाण किंवा लैंगिक हिंसा सोसली त्यांतल्या १४ टक्क्यांनीच कुठेतरी मदत मागितली. उरलेल्या आपल्याकडे येतच नाहीत असं समजू नकोस. त्या येतात, फक्त वेगळं कारण सांगून येतात. 'बाथरूममध्ये पडले.' 'जनावराने ढुशी मारली.' 'खोकल्याचं म्हणून चुकून उंदराचं औषध प्यायले.' 'स्टोव्ह भडकला.'

एक बाई मला अजून डोळ्यांसमोर दिसते. डाव्या हाताच्या करंगळीकडचं हाड मोडलेलं, मनगटात बांगडीची काच रुतलेली. पडणारा माणूस तळहात टेकतो. डोक्यावर येणारा फटका अडवायला हात वर केला की मार बसतो तो नेमका त्या हाडावर. जुना केस पेपर काढला तर आठ महिन्यांपूर्वी कानाच्या पडद्याला भोक पडल्याची नोंद होती. नवरा शेजारी उभा राहून तिच्या वतीने उत्तरं देत होता. मी त्याला एक्स-रेचे पैसे भरायला पाठवलं, सिस्टरने पडदा ओढला, आणि मी म्हटलं, 'अशी जखम बऱ्याचदा मारल्याने होते. घरी कोणी हात उगारतं का?' ती गप्प राहिली. मी चिमट्याने काच काढत राहिले. तिसरा तुकडा निघाला तेव्हा ती हळूच म्हणाली, 'पहिल्यापासूनच.'

तिला नवऱ्याला सोडायचं नव्हतं, तक्रार करायची नव्हती. आमच्या सिस्टर नंतर चिडून म्हणाल्या, 'मग सांगितलं कशाला?' मीही आधी असाच विचार केला असता. पण तोवर मी मुंबईत वांद्र्याच्या भाभा रुग्णालयातलं दिलासा केंद्र बघून आले होते. महापालिका आणि सेहत संस्था यांनी मिळून २००० साली ते सुरू केलं. सरकारी दवाखान्याच्या आतच, ओपीडीपासून चार पावलांवर, अशा बायकांसाठी समुपदेशक बसतात. तिथे मी शिकले, की डॉक्टरने बाईच्या आयुष्याचा निकाल लावायचा नसतो. ऐकायचं, आत्ता तिला काय हवंय ते विचारायचं, 'यात तुमची काही चूक नाही' हे स्पष्ट सांगायचं, आज रात्री घरी जाणं धोक्याचं आहे का ते तिच्याबरोबर बसून तपासायचं, आणि पुढचा आधार कुठे मिळेल ते दाखवायचं. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१४ सालच्या पुस्तिकेतही हाच क्रम आहे. फाईलमधला तिसरा गठ्ठा तो. त्यातली भाषा सोपी आहे. सिस्टर आणि आशाताईंना बसवून तू स्वतः समजावून सांग, कारण बाई डॉक्टरशी बोलण्याआधी त्यांच्याशी बोलते.

त्या बाईला मी विचारलं, 'हे लिहून ठेवू?' ती हो म्हणाली. केस पेपरवर तिचे शब्द लिहिले, कोणी, कशाने, किती वेळा मारलं ते लिहिलं, जखमांचं चित्र काढलं. कागद घरी नेणं तिला धोक्याचं होतं, म्हणून रजिस्टरचा नंबर आणि तारीख पाठ करून घेतली. दोन वर्षांनी ती मुलासह आली आणि तो नंबर तिने तसाच्या तसा सांगितला. कौटुंबिक हिंसाचाराच्या २००५ सालच्या कायद्याखाली तिने घरात राहण्याचा हक्क मागितला होता आणि त्याला तो कागद जोडायचा होता. लक्षात ठेव, त्या कायद्याच्या नियमांप्रमाणे घटनेचा अहवाल अजून कोणी भरला नसेल तर दवाखान्याने तो भरून संरक्षण अधिकाऱ्याकडे पाठवायचा असतो. अहवाल नाही म्हणून उपचार नाकारता येत नाहीत.

फाईलच्या शेवटी एक कोरा कागद ठेवलाय. तो तू भरायचास. तुमच्या तालुक्याच्या संरक्षण अधिकाऱ्याचं नाव आणि मोबाइल, जिल्ह्याचं सखी वन स्टॉप सेंटर, महिला हेल्पलाइन १८१, फुकट वकिलासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरण, पीडितांना आर्थिक मदत देणाऱ्या मनोधैर्य योजनेचं काम बघणारं माणूस, रात्री बोलावलं तर येणारी समुपदेशक. प्रत्येकाला एकदा स्वतः फोन लाव आणि उचलतात का ते बघ. छापील यादीवरचे नंबर रात्री अकराला उपयोगी पडतीलच असं नाही. तू ओळख काढलेल्या माणसाचा नंबर मात्र पडतो.

त्या मुलीला काल तू औषध उशिरा दिलंस, पण दिलंस. फार्मासिस्टच्या घरी माणूस पाठवून किल्ली आणवलीस, तोवर तिच्या शेजारी बसून राहिलीस. मी तुझ्या वयात तेवढंही केलं नव्हतं. म्हणून स्वतःला फार बोल लावू नकोस.

पण हे पत्र वाचून झालं की आधी एक काम कर. गोळ्या, नमुने घ्यायचं किट आणि फॉर्म कॅज्युअल्टीतल्या एका खणात आणून ठेव, आणि त्या खणाची दुसरी किल्ली रात्रपाळीच्या सिस्टरच्या टेबलात राहील अशी व्यवस्था कर. तसं अधीक्षकांकडून लेखी घे. मग मला फोन करून सांग, किल्ली कोणाकडे आहे.

तुझी,
आत्या