चे, काय म्हणतेस?

प्रिय चिमे,

तुझा मेसेज वाचून खूप हसलो. इथं स्पॅनिशच्या सगळ्या परीक्षा पास झालीस आणि ब्वेनोस आयर्सच्या बसथांब्यावर कोण काय बोलतंय ते कळेना! 'तू'ऐवजी 'वोस', बसला 'बोंडी', कामाला 'लाबुरो', हाक मारायला 'चे'. त्यात बाजारात बटाटा मागितलास आणि हातात पडली रताळी!

अगं, कोपरीत वाढलेली पोरगी तू. तुला भाषेच्या मिसळीचं काय नवल? चेंदणी कोळीवाड्यातल्या म्हाताऱ्या आजही 'गारी आली', 'पानी', 'हलद' म्हणतात, आणि थोरामोठ्यांनाही 'तू'च म्हणतात. कोपरी कॉलनीत फाळणीनंतर सिंधी आले, त्यांचं 'साईं' आलं. 'वांदा' गुजरातीतून आला, 'पंटर' इंग्रजी जुगारातून. आपला 'बिनधास्त' हिंदीत जाऊन बिंदास झाला. पोर्तुगीज 1737 पर्यंत ठाण्यात होते. जाताना पगार, चावी, पाव आणि तुला फसवणारा तो बटाटा मागं ठेवून गेले.

1853 साली बोरीबंदरहून पहिली गाडी ठाण्याला आली. तिच्या रुळांनी चेंदणीचे दोन तुकडे केले. पुढं त्याच रुळांवर आणखी एक बोली तयार झाली, ती तर तुला तोंडपाठ आहे. तिघांच्या बाकावर चौथा टेकतो, अर्धी मांडी अधांतरी, एक पाय वाटेत; तरी त्याचं नाव 'चौथी सीट'. घाटकोपर सुटलं की समोर उभा असलेला नुसतं 'कुठे?' विचारतो. त्याला तुझा पत्ता नको असतो. तू 'ठाणे' म्हणालीस की ती जागा त्याची झाली, मग मागून आलेला कितीही डोळे वटारो.

तुझ्या तिकडच्या बोलीचं नाव लुन्फार्दो. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इटालियन मजूर बोटी भरभरून आले, चाळींत दाटीवाटीनं राहिले, 'लाबुरो' त्यांचाच. 'बोंडी' ब्राझीलच्या पोर्तुगीज भाषेतल्या ट्रामच्या शब्दावरून आली. 1894 साली देल्लेपियाने नावाच्या विद्वानानं या बोलीवर पुस्तक लिहिलं आणि त्याला नाव दिलं 'गुन्ह्याची भाषा'. 1943 नंतरच्या लष्करी राजवटीत टँगोच्या गाण्यांतल्या या शब्दांवर रेडिओत कात्री चालली. आणि 1962 साली याच बोलीची अकादमी निघाली! आपल्याकडंही पेटी म्हणजे लाख आणि खोका म्हणजे कोटी, हे हिशेब भाईलोकांचे. 2022 साली 'खोके' विधानभवनाच्या पायऱ्यांवर घोषणेत जाऊन पोचले.

आता मामा म्हणून एक सांगतो. असे शब्द पाठ करायला वेळ लागत नाही. ते कुणी, कुणाला, कुठं म्हणायचे हे कळायला लागतो. चेंदणीतली तुझी मैत्रीण 'काय गो बाय' म्हणते त्यात माया असते. रीलवाली पोरं मात्र 'दादूस, दादूस' करत आगरी हेल काढतात तेव्हा माझं डोकं फिरतं. ज्या हेलावरून वर्गात पोरांना हिणवलं, तोच आता लाइकसाठी चालतो! तिकडचा 'बोलुदो'ही तसाच: मित्रानं म्हटलं तर यार, परक्यानं म्हटलं तर शिवी. आपल्या 'येड्या'सारखाच.

तेव्हा वोस, बोंडी, लाबुरो बिनधास्त वापर. 'बोलुदो'ला मात्र तुला कुणीतरी आधी म्हणेपर्यंत हात लावू नकोस. ती माणसं अक्षरांची उलटापालटही करतात म्हणे: टँगोचं 'गोतान', काफेचं 'फेका'. कुणी 'फेका' म्हणालं तर हातातलं काही फेकू नकोस, कॉफी मागताहेत ते. असे आणखी शब्द कानावर पडले की लिहून पाठव, आणि कोण कुणाला म्हणालं तेही लिही.

तुझा मामा
कोपरी, ठाणे पूर्व