ताप आला, पण कोठून?

पावसाळा सरू लागला, की तिसगावच्या शिवारात गवत माजते आणि आमच्या वर्गातील काही बाके रिकामी दिसू लागतात. चौकशी करावी, तर ठरलेले उत्तर मिळते, "गुरुजी, ताप आला आहे." कोणता ताप, हे मात्र कोणी विचारीत नाही. म्हणून अशाच एका तापाची ओळख करून देणे आम्हांस अगत्याचे वाटते.

त्याचे नाव स्क्रब टायफस. टायफॉइड म्हणजे विषमज्वर तो हा नव्हे. गोचिडाच्याच कुळातील माइट नावाचे सूक्ष्म जीव झुडपांत असतात व रानउंदरांच्या अंगावर जगतात. त्यांचे नुसत्या डोळ्यांस क्वचितच दिसणारे पिल्लू माणसास चावले, म्हणजे रोगजंतू शरीरात शिरतो. मादी हा जंतू अंड्यांवाटे पुढील पिढीस देते. त्यामुळे केवळ उंदीर मारून रोग हटत नाही. माणसापासून माणसास मात्र तो लागत नाही; तेव्हा रोग्यास दूर लोटू नये.

दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशाच्या रानांत याने सैनिकांस जेरीस आणले. सन २०१८ च्या पावसाळ्यात नागपूर व विदर्भात त्याची साथ उठली. आपल्या पाथर्डी तालुक्यातील कितीतरी कुटुंबे ऊसतोडीस जातात व कोपीत भुईवर निजतात. तेव्हा ही परक्याची गोष्ट मानून चालणार नाही.

चाव्यानंतर सुमारे दहा दिवसांनी ताप, डोकेदुखी व अंगदुखी सुरू होते. काखेत, जांघेत वा कमरेशी विडीचा चटका बसावा तशी काळी खपली आढळते. ती सर्वांस येत नाही. शिवाय दुखत नाही, म्हणून मूल सांगत नाही व लाजेने दाखवीतही नाही. मातांनो, ती तुम्हीच शोधावी.

सन १९४८ मध्ये क्लोरॅम्फेनिकॉलने या रोगावर प्रथम खात्रीचा उतारा दिला. आज डॉक्सिसायक्लिन हे स्वस्त औषध गुण देते. पेनिसिलीन येथे चालत नाही. म्हणून मनाने गोळ्या घेणे व्यर्थ. उशीर झाल्यास फुप्फुसे, मूत्रपिंडे व मेंदू यांवर घाला पडतो.

विद्यार्थिमित्रहो, रानातून परतल्यावर अंघोळ करा, कपडे बदला, ते गवतावर वाळत घालू नका. आणि ताप आलाच, तर डॉक्टरांनी न विचारताही सांगा, "मी गवतात गेलो होतो." एवढ्या एका वाक्याने प्राण वाचू शकतो.