समुद्राचा वांटा

आमच्या घरीं होडी परत आली कीं प्रथम वांटे पडतात. होडीचा वेगळा, जाळ्याचा वेगळा, आणि उरलेले तांडेलाचे व खलाशांचे. आजोबा तांडेल असल्यामुळें हा हिशेब मी लहानपणापासून पाहत आलों आहें. म्हणूनच शाळेच्या ग्रंथालयांत उत्तर अटलांटिकांतील आइसलंड बेटाविषयीं वाचतांना मी थबकलों. तेथें मासे समुद्रांत पोहत असतांनाच त्यांचे वांटे विकले जातात!

कॉड मासा अतोनात पकडला जाऊं लागला, तेव्हां १९८४ सालीं सरकारनें नौकांना वार्षिक हिस्से ठरवून दिले. मागील तीन वर्षांत जिनें जितके मासे धरले, त्या मानानें तिचा हिस्सा. मोबदला कांहीं नाहीं. पुढें १९९० च्या कायद्यानें हे हिस्से विकण्याची पूर्ण मोकळीक मिळाली.

मर्यादा हवी होती, हें मला मान्य आहे. मासाच संपला तर वांटे कशाचे पाडावयाचे? परंतु हिस्सा मिळाला तो नौकेच्या मालकास. खलाशास नाहीं, आणि किनाऱ्यावर मासळी साफ करणाऱ्या स्त्रियांस तर नाहींच. बेटाच्या वायव्येस अरुंद खाड्यांच्या कांठीं लहान लहान गांवें आहेत. तेथील मालकानें आपला हिस्सा दूरच्या कंपनीस विकला कीं नौका जाई, पाठोपाठ मासळीचा कारखाना बंद पडे, आणि तरुण मंडळी राजधानीची वाट धरीत. बड्या हिस्सेदारांस लोक उपहासानें दर्याचे जहागीरदार म्हणूं लागले. कांहीं मालक हिस्सा भाड्यानें घेत व तें भाडें खलाशांच्या वांट्यांतून कापीत. त्यावरून संपही झाले. आणि गंमत अशी कीं, मासे ही राष्ट्राची सामाईक संपत्ति होय, असें त्याच कायद्याच्या पहिल्या कलमांत लिहिलेलें आहे! हिस्सा नसतां मासे धरल्याबद्दल शिक्षा झालेल्या दोघां मच्छीमारांनीं संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार समितीकडे दाद मागितली. २००७ सालीं समितीनें त्यांच्या बाजूनें मत दिलें.

हें सारें मीं आजोबांस सांगितलें. ते जाळें सांधीत बसले होते. "मालकानें विकला तो त्याचा वांटा," ते म्हणाले, "पण खलाशांचा कोणीं विकला?"

मला उत्तर सुचलें नाहीं. मग मीं सांगितलें कीं, २००९ पासून तेथें लहान होड्यांस हिस्सा नसतांही मे ते ऑगस्ट गळानें मासे धरूं देतात.

"चार महिने," आजोबा म्हणाले. "आणि बाकीचे आठ महिने त्या घरांत चूल पेटत नाहीं काय रे?"