कार्तिकापर्यंतची माती

फाल्गुन चौमासी जवळ आली की, पालेभाजीचा त्याग पाळणाऱ्या घरांच्या गच्चीवरील कुंड्या एकामागून एक रिकाम्या होऊ लागतात. मेथी, पालक, कोथिंबीर यांची शेवटची काढणी होते आणि मग कार्तिकी पौर्णिमेपर्यंत, म्हणजे सुमारे आठ महिने, त्या कुंड्यांत पालेभाजी पेरावयाची नसते. इतरांच्या बागेत दोन हंगामांमधील खंड दीड-दोन महिन्यांचा असतो. या घरांत मात्र त्यात वैशाखाचे ऊन आणि सारा पावसाळाही येऊन जातो. एवढा काळ त्या मातीचे काय करावयाचे, हा प्रश्न दरवर्षी उभा राहतो आणि बहुतेक ठिकाणी तो न सोडवताच निकालात निघतो. माती कोणातरी हमालाकरवी खाली नेऊन टाकली जाते आणि कार्तिकात रोपवाटिकेतून लाल मातीची नवी पोती येतात. ज्या घरात सुतळीचा तुकडाही गुंडाळून ठेवला जातो, त्या घरात हे घडावे, याचे आश्चर्य वाटते.

‘माती संपली’ असे लोक म्हणतात. हे म्हणणे अर्धेच खरे आहे. वाळू, गाळ आणि चिकणमातीचे कण झिजून जात नाहीत. कमी होतो तो सेंद्रिय भाग. शेणखत आणि पाचोळा कुजून त्यांचे आकारमान घटते, म्हणून काठोकाठ भरलेली कुंडी वर्षाअखेर चार बोटे खाली गेलेली दिसते. नत्राचा काही भाग पिकाने घेतलेला असतो आणि बराचसा पाण्याबरोबर तळाच्या छिद्रातून निघून गेलेला असतो. जमा होतात ते क्षार. बोअरचे जड पाणी घातलेल्या कुंडीच्या कडेला पांढरी खपली धरते, ती त्याचीच खूण होय. पाणी शुद्ध करणाऱ्या यंत्रातून बाहेर पडणारे पाणी वाया जाऊ नये म्हणून अनेक घरांत ते कुंड्यांना घातले जाते. हेतू उत्तम असला, तरी ते पाणी मूळ पाण्यापेक्षा अधिक क्षारयुक्त असते आणि बोअरच्या पाण्यापासून ते निघाले असेल, तर कुंडीची हानी लवकर होते. थोडक्यात, भांडवल शाबूत असते, खेळते भांडवल तेवढे आटलेले असते. अशी पेढी कोणी मोडीत काढत नाही.

सोलापुरातील एका भुसार व्यापाऱ्याच्या गच्चीवर अशा चाळीस कुंड्या आहेत. प्रत्येकीत सुमारे १५ लिटर माती, म्हणजे एकूण ६०० लिटर, आणि ओली असताना तिचे वजन अर्ध्या टनाच्या पुढे सहज जाते. भोवतालच्या शिवारात काळी माती विपुल आहे, परंतु ती कुंडीच्या कामाची नाही. वाळली की ती आकसते, कुंडीच्या भिंतीपासून सुटते आणि घातलेले पाणी त्या फटीतून सरळ खाली जाते. त्यामुळे लाल माती, नारळाचा भुसा आणि खत यांचे मिश्रण तिथे विकत आणावे लागते. गेल्या माघात या गच्चीवरील बारा कुंड्यांतील टोमॅटोची रोपे भर बहरात मान टाकून वाळली. पाणी होते, खत होते. रोपे मात्र सकाळी ताजी आणि दुपारी मलूल, असे करीत आठवड्यात गेली.

शेतकी महाविद्यालयात शिकणाऱ्या नातवाने त्यावर उपाय सुचविला. माती ओली करून गच्चीवर पसरावी, तिच्यावर पातळ पारदर्शक प्लास्टिक ताणून कडा बंद कराव्यात आणि चैत्र-वैशाखात चार ते सहा आठवडे तशीच ठेवावी. ही काही ऐकीव युक्ती नव्हे. इस्रायलमधील याकोव्ह कटान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७६ मध्ये या पद्धतीवरील आपले संशोधन प्रसिद्ध केले आणि तेव्हापासून उष्ण प्रदेशांत ती वापरली जाते. झाकलेल्या मातीच्या वरच्या थरांचे तापमान ४५ ते ५० अंशांपर्यंत चढते, त्यात रोगकारक बुरशी, सूत्रकृमी आणि तणांचे बी बव्हंशी नष्ट होते. सोलापूरच्या उन्हाला तर हे काम अवघड नाही.

घरातील सारे ज्यांना ‘बा’ म्हणतात, त्या आजींनी शांतपणे एकच प्रश्न विचारला, “आणि त्यात जे बाकीचे राहतात, त्यांचे काय?”

प्रश्न भाबडा नव्हता. मुठभर मातीत काय काय नांदते, हे नातवाने स्वतःच सूक्ष्मदर्शकातून पाहिले होते. पृथ्वीकायाची गोष्ट बाजूला ठेवली, तरी गांडूळ हा द्वींद्रिय जीव आहे, मुंगी त्रींद्रिय. कंपोस्टातील गांडुळे ३५ अंशांपुढे फारशी तग धरत नाहीत. ५० अंशांच्या मातीत त्यांचे काय होईल, हे सांगावयास नको. श्रावकाला वर्ज्य सांगितलेल्या पंधरा कर्मादानांत भूमी फोडण्याचा धंदाही येतो. दक्षिण महाराष्ट्रात मात्र पिढ्यान्‌पिढ्या शेती करणारे जैन समाज आहेत आणि तेही आपल्या परीने व्रते पाळतात. म्हणून प्रश्न बाग करावी की न करावी, असा नव्हता. जाणूनबुजून, सोयीसाठी, एकाच वेळी एवढा जीवसंहार करावा काय, एवढाच होता. नातवाचे उत्तर असे होते की, रोग तसाच ठेवला तर पुढच्या वर्षी चाळीसही कुंड्या जातील. दोघांचेही खरे होते, आणि अशा वादात घरातील इतर मंडळी नेहमीप्रमाणे दुकानात काम असल्याचे आठवून खाली गेली.

मार्ग निघाला तो निदानातून. मर रोग अनेक प्रकारचा असतो. वाळलेल्या टोमॅटोचे खोड जमिनीलगत तिरपे कापून त्याचे टोक स्वच्छ पाण्याच्या पेल्यात धरले, तर जिवाणूजन्य रोगात काही मिनिटांतच दुधट धागा पाण्यात उतरू लागतो. इथे तो उतरला नाही. खोड उभे चिरले, तेव्हा सालीच्या आत तपकिरी रेषा दिसल्या. ही बुरशीजन्य मर होय. तिची बीजे मातीत कित्येक वर्षे टिकतात. परंतु टोमॅटोला मारणारा तिचा प्रकार जवळजवळ टोमॅटोपुरताच असतो. मेथीला, कोथिंबिरीला, चवळीला त्याची बाधा होत नाही. म्हणजे ती माती आजारी नव्हती, टोमॅटोला फक्त निरुपयोगी होती. जिवाणूजन्य मर असती, तर मिरचीलाही धोका होता आणि निर्णय कठीण झाला असता.

मुळेही तपासली गेली. इथे पुष्कळांची फसगत होते. मेथी किंवा चवळीच्या मुळांवर दिसणाऱ्या गाठी उपकारक जिवाणूंच्या असतात. त्या मुळाच्या बाजूला चिकटलेल्या, बोटाने सहज सुटणाऱ्या आणि कापल्यास आतून गुलाबी असतात. टोमॅटो किंवा भेंडीच्या मुळांवरील सूत्रकृमींच्या गाठी मात्र मूळच सुजल्यासारख्या असतात, त्या सुटत नाहीत. पहिल्या गाठी मातीत राहू द्याव्यात, दुसऱ्या आढळल्यास त्या कुंडीत एक हंगाम झेंडू लावावा. झेंडूच्या मुळांमुळे सूत्रकृमींची वाढ रोखली जाते. यातही अगदी काहीच हिंसा नाही, असे कोणी म्हणू नये.

मग साठवणीची रीत ठरली. ती बांच्या आणि नातवाच्या सल्ल्याने मिळून ठरली, आणि भुसार दुकानाचा अनुभव तिथे फार उपयोगी पडला. रोपे उपटायची नाहीत, जमिनीलगत कापायची. बारीक मुळे मातीत कुजून तिला पोकळ ठेवतात. जाड तेवढी काढावीत. कंद-मुळांची लागवड या घरात नसल्यामुळे माती उकरण्याचा प्रसंगही सहसा येत नाही. नंतर पाणी हळूहळू कमी करीत न्यावयाचे आणि कुंड्या उन्हातून हलवावयाच्या. हे फार महत्त्वाचे आहे. काळ्या प्लास्टिकच्या पिशवीतील माती वैशाखात न झाकताही इतकी तापते की, प्लास्टिकचे आच्छादन घातले नाही म्हणून जीव वाचले, असे समाधान मानणे व्यर्थ आहे. कुंड्यांना जिन्याखालची किंवा टाकीमागची सावली हवी.

गांडुळांसाठी एक मोठा टब सावलीत बाराही महिने ओलसर ठेवला आहे. माती काढताना तिचा उजेडात लहानसा शंकू करावयाचा. गांडुळे उजेडापासून दूर, खाली जातात. मग वरची माती हलक्या हाताने काढून घ्यावयाची, थोडे थांबून पुन्हा काढावयाची, आणि शेवटी तळाशी उरलेली पसाभर माती गांडुळांसह टबात सोडावयाची. नातवाने त्या टबाला ‘पांजरापोळ’ असे नाव दिले आहे. त्यात स्वयंपाकघरातील ओला कचरा घालण्यास बांनी नकार दिला, कारण त्यात नवी जीवोत्पत्ती होते. वाळला पाला आणि जुने शेणखत यांवर ते काम भागते.

ज्या कुंड्या सावलीत मावल्या नाहीत, त्यांची माती बारदानात भरली. दुकानातील माणसांना सांगावे लागले नाही की पोते जमिनीला टेकवायचे नसते, थप्पी भिंतीपासून थोडी सुटी लावायची असते आणि वर पत्रा हवा. कोणी हवाबंद प्लास्टिकच्या पिशवीत ओली माती बांधून ठेवतात. ती दोन महिन्यांत आंबते आणि उघडताना दुर्गंध येतो. मुठीत दाबली असता गोळा व्हावा आणि बोट लावताच फुटावा, त्याहून थोडी कोरडी माती साठवणीस योग्य. पोती स्लॅबच्या मध्यावर न रचता कठड्याच्या किंवा तुळईच्या बाजूला ठेवणे शहाणपणाचे, वजनाचा आकडा वर आलाच आहे.

पावसाळ्यात माती झाकून ठेवण्याची दोन कारणे आहेत आणि ती दोन वेगळ्या दिशांनी येऊन एकाच ठिकाणी मिळतात. उघड्या, रिकाम्या कुंडीवर चार महिने पाऊस पडला, तर उरलेसुरले नत्र धुऊन जाते. त्याच कुंडीवर हिरवी शेवाळ धरते. तिला जुनी माणसे ‘लील’ म्हणतात, ती अनंतकाय मानली जाते आणि तिच्यावर पाय पडू नये म्हणून चातुर्मासात गच्चीवर जाणेही टाळले जाते. जीव उत्पन्न झाल्यावर त्याचे काय करावे, यापेक्षा तो उत्पन्नच होणार नाही अशी व्यवस्था आधी करावी, हे जयणेचे सूत्र बांना कोणत्याही बागकाम-वर्गात जाऊन शिकावे लागले नव्हते.

कोल्हापूरचे श्री. अ. दाभोलकर यांनी आपल्या ‘प्रयोग परिवारा’तून माती ही आणावयाची नसून पाल्यापाचोळ्यातून घडवावयाची असते, हे शहरी लोकांना पटवून दिले. त्यांची पद्धत शब्दशः आचरण्यास सवड लागते. परंतु दरवर्षी कुठली तरी टेकडी खरवडून आलेली लाल माती विकत घेणे थांबले, तरी पुष्कळ आहे.

कार्तिकात पोती सोडली, तेव्हा एक अडचण आली. पूर्ण वाळलेले ते मिश्रण पाणी घेईना. वरून ओतलेले पाणी तसेच खाली वाहून जाई. म्हणून माती टबात पसरून थोडे थोडे पाणी शिंपडीत रात्रभर मुरवावी लागली. दोन भाग जुनी माती आणि एक भाग नवे कंपोस्ट असे मिश्रण केले, क्षारांची पांढरी खपली आधीच खरवडून बाजूला काढली होती. शेंगदाण्याची पेंड घालण्याचा विचार होता, तिला मुंग्या लागतात म्हणून तो सोडला. निंबोळी पेंडीबद्दल बांनी विचारले, ती निरुपद्रवी आहे का? ती सूत्रकृमींना अपायकारक असते, हे नातवाने लपविले नाही. पेंड राहिली. आधी एका कुंडीत मेथी टाकून पाहिली. ती सारखी आणि हिरवी उगवली, तेव्हा बाकीच्या भरल्या.

या वर्षी चाळीस कुंड्यांसाठी लाल मातीचे एकही पोते आलेले नाही, कंपोस्टाची मात्र विकत आणलेली पोती आहेत. ज्या बारा कुंड्यांत टोमॅटो गेला, त्यांवर नातवाने चुन्याने फुली केली आहे आणि त्यांत मेथी व कोथिंबीर आहे. टोमॅटोची रोपे दुसऱ्या बाजूच्या सात कुंड्यांत आहेत. त्यांना अजून फुले यावयाची आहेत.