थांबणारा किरण

क्ष-किरण छातीतून आत शिरतो आणि वाटेत भेटेल त्याला थोडंथोडं भाजत पाठीतून बाहेर पडतो. प्रोटॉन या कणाचं वागणं निराळं. सायक्लोट्रॉन नावाच्या यंत्रात गरगर फिरवून त्याला प्रकाशाच्या साठेक टक्के वेग दिला, की तो शरीरात तीस सेंटिमीटरपर्यंत खोल जाऊ शकतो. वेगात असताना तो पेशींना फारसा त्रास देत नाही. वेग मंदावतो तसा त्याचा मारा वाढत जातो आणि थांबता थांबता उरलीसुरली सगळी ऊर्जा तो एका जागी ओतून टाकतो. त्यापलीकडे जवळजवळ काहीच पोहोचत नाही. विल्यम ब्रॅग यांनी गेल्या शतकाच्या सुरुवातीला ॲडलेडमध्ये रेडियममधून निघणाऱ्या आल्फा कणांत हे पाहिलं. ऊर्जेच्या त्या शेवटच्या उसळीला आजही त्यांचंच नाव आहे.

तिचा उपयोग कॅन्सरच्या गाठीवर करता येईल, हे भौतिकशास्त्रज्ञ रॉबर्ट विल्सन यांनी १९४६ साली लिहिलं. आदल्या वर्षी ते लॉस अलामॉसमध्ये अणुबॉम्बच्या कामात होते. हिरोशिमा होऊन वर्षही झालेलं नव्हतं आणि हा माणूस हिशेब मांडत होता तो किरण कुठे थांबवावा याचा. हे वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून बराच वेळ बसून राहिले होते. १९५४ मध्ये बर्कलीत पहिल्या माणसावर हा उपचार झाला.

माझ्या आत्याला फुप्फुसाच्या कॅन्सरसाठी लाइट दिली ती नेहमीच्या मशीनवर, क्ष-किरणांची. छातीवर जांभळ्या शाईच्या फुल्या होत्या. पुसल्या जातील म्हणून ती अंघोळीला बसली की तेवढी जागा ओल्या फडक्यानं कडेकडेनं टिपून घ्यायची. तिसऱ्या आठवड्यात घास उतरेना, पुढे भाताची पेजही घशाखाली जाताना डोळ्यांत पाणी आणायची. गाठ अन्ननलिकेला लागून होती आणि किरण तिथूनच जात होते. डॉक्टरांनी करायचं ते सगळं मनापासून केलं. पण थांबणाऱ्या किरणाबद्दल वाचताना मला दर वेळी ती पेजेची वाटी दिसते.

मग फुप्फुसाला सगळीकडे प्रोटॉनच का देत नाहीत? कारण ज्या गुणासाठी तो हवा, तोच गुण फुप्फुसात अडचणीचा ठरतो. डोळ्यातली किंवा कवटीच्या तळाची गाठ श्वासाबरोबर हलत नाही. फुप्फुसाच्या खालच्या भागातली गाठ मात्र प्रत्येक श्वासाला वरखाली सरकते, कधी सेंटिमीटर-दोन सेंटिमीटर. शिवाय फुप्फुस म्हणजे बरीचशी हवाच. भरीव मांसात एक सेंटिमीटर जाणारा प्रोटॉन तिथे तीन-चार सेंटिमीटर धावतो. गाठ जरा बाजूला झाली, की तिच्यात थांबायचा कण तिला चुकवून पलीकडच्या निरोगी फुप्फुसात, कधी हृदयापर्यंत जातो. क्ष-किरणाचा नेम थोडा हुकला तर मारा थोडा कमीजास्त होतो. प्रोटॉनचा हुकला तर सगळा मुक्कामच बदलतो.

म्हणून उपचाराआधी श्वासाच्या प्रत्येक टप्प्यावरचा सीटी स्कॅन काढतात. पेशंट दोन्ही हात डोक्यावर घेऊन, अंगाच्या मापानं घट्ट झालेल्या गादीत पडून राहतो. ‘श्वास घ्या, धरा’ असं सांगितलं की धरतो, तेवढ्यात झोत येतो. पेन्सिलीच्या टोकासारखा तो बारीक झोत गाठीचा एकेक थर ठिपक्याठिपक्यांनी भरतो. श्वासाची घडी चुकून ठिपका राहून जाऊ नये म्हणून तोच थर पुन्हापुन्हा भरतात. आणि उपचार लागू पडून गाठ आकसली, तर आनंद होतो तसाच नवा हिशेबही मांडावा लागतो, कारण आतली वाट बदललेली असते.

हे सगळं करून पेशंटला फायदा किती? २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या एका चाचणीत, उपचारानंतर फुप्फुसाला येणारी सूज आणि गाठ पुन्हा डोकं वर काढणं, या दोन्ही बाबतींत प्रोटॉन आणि अद्ययावत क्ष-किरण यांत ठळक फरक दिसला नाही. मला वाचून वाईट वाटलं. पण हृदयाला बसणारा मारा प्रोटॉननं कमी झाला होता, आणि मला ते मोलाचं वाटतं. २०१५च्या दुसऱ्या एका चाचणीत ६० ऐवजी ७४ ग्रे मात्रा दिलेले पेशंट कमी जगले होते, आणि हृदयावर जास्त किरण पडण्याचा जगण्यामरण्याशी संबंध दिसला होता.

चेन्नईत २०१९ पासून आणि आपल्या खारघरला, टाटा मेमोरियलच्या ॲक्ट्रेक केंद्रात, २०२३ पासून प्रोटॉन मिळतो. टाटा मेमोरियल अणुऊर्जा विभागाच्या छत्राखाली आहे, याचं मला विल्सन यांच्यामुळे विशेष वाटतं. खासगी रुग्णालयात मात्र खर्च कित्येक लाखांत जातो. घरातलं माणूस आजारी पडलं, की आपण भारीतलं ते चांगलं असं धरून चालतो. म्हणून कोणी मला विचारलं, तर मी सांगते: गाठ हृदयाला किंवा अन्ननलिकेला खेटून आहे का, त्या जागी आधी एकदा लाइट देऊन झाली आहे का, आणि श्वासाबरोबर ती किती हलते, हे आधी डॉक्टरांना विचारा. शेत विकायचं की नाही, ते त्यानंतर ठरवा.