वाटी वर सरकली पाहिजे

पालीत बल्लाळेश्वराच्या देवळामागे सरसगडाचा कातळ उभा आहे. त्यात खोदलेल्या सुमारे ९६ पायऱ्या चांगल्याच उंच आणि खड्या आहेत. चढताना धाप लागते, पण गुडघ्याची परीक्षा होते ती उतरताना. प्रत्येक पायरीवर मांडीच्या पुढच्या स्नायूला ताणलं जात असतानाच अंगाचा भार तोलून धरावा लागतो. स्नायू कच्चा असला की माणूस आडवा वळतो आणि दर वेळी तोच पाय आधी खाली टाकत उतरतो. असा उतरणारा दिसला, की फिजिओथेरपिस्टची नजर आपोआप त्याच्या मांडीकडे जाते.

रायगड जिल्ह्यात अशा तरुण पेशंटांमध्ये कबड्डीवाले हटकून असतात. चढाईपटू निदान रेषा ओलांडून झपकन वळतो, पाऊल मॅटवर रुतलेलंच राहतं आणि वरचं शरीर फिरतं. गुडघ्यात 'कट्' वाजतं आणि काही तासांत तो टम्म सुजतो. "लचकलाय" म्हणून मालीश होते, पट्टा बांधला जातो, कुणीतरी उन्हेरेच्या गरम कुंडात पाय सोडून बसायला सांगतं. कुंडाला नावं ठेवायचं कारण नाही, पण ताज्या सुजेला शेक देणं म्हणजे ती वाढवणंच. पुढे दुखणं थांबतं, पण वळताना गुडघा निसटतो. मग एमआरआय होतो आणि घरात 'एसीएल' हा शब्द येतो.

हे गुडघ्यातलं लिगामेंट तुटलं, एवढं सगळ्यांना कळतं. मांडी बंद पडली हे मात्र कुणी सांगितल्याशिवाय कळत नाही. सुजलेल्या सांध्याकडून मज्जारज्जूला संदेश जातात आणि पुढच्या स्नायूला मिळणारा हुकूमच दाबला जातो. निरोगी गुडघ्यात सलाइन भरून हे तपासलेलं आहे. १९८४ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात जेमतेम २० ते ३० मिलिलिटर पाण्याने मांडीचा आतल्या बाजूचा भाग मंदावला. बाहेरच्या आणि मधल्या भागाला ५० ते ६० मिलिलिटर लागले. म्हणजे चार ते सहा चमचे पाण्यावर धडधाकट मांडी ढिली पडते. "पोरगा मनावर घेत नाही" ही घरच्यांची तक्रार म्हणूनच बरेचदा अन्यायाची असते.

म्हणून सुरुवात वजनांनी होत नाही. गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी, पाय सरळ, आणि गुंडाळी खाली दाबायची. फिजिओ बघतो ती गुडघ्याची वाटी. मांडी खरोखर आवळली तर वाटी वर, मांडीच्या दिशेने सरकते. नुसता कुल्ला आवळून पाय दाबणाऱ्याची वाटी जागची हलत नाही. मग बोटांनी स्नायूवर टिचक्या मारायच्या, चांगल्या पायावर आधी करून दाखवायला लावायचं, गरज पडली तर विजेच्या हलक्या झटक्यांचं यंत्र लावायचं. वाटी पहिल्यांदा सरकते तेव्हा पेशंटला त्यात काही विशेष वाटत नाही. फिजिओला वाटतं.

ऑपरेशन प्रत्येकाला लागतंच असंही नाही. स्वीडनमध्ये १२१ तरुणांवर झालेल्या चाचणीत एका गटाचं ऑपरेशन लवकर झालं, दुसऱ्याने आधी व्यायाम केला आणि गरज पडली तरच ऑपरेशन. दोन वर्षांनी दोन्ही गटांच्या गुडघ्यांत म्हणण्यासारखा फरक नव्हता. मात्र वळणावळणाचा खेळ पुन्हा खेळायचा असेल, तर बहुतेकांची वाट ऑपरेशन टेबलावरून जाते. तिथे बरेचदा मांडीच्या मागचा टेंडन काढून तो लिगामेंटच्या जागी बसवतात. हा उसना टेंडन पहिल्या काही महिन्यांत आधी कमजोर होतो आणि मग हळूहळू मुरतो. पंचाईत अशी, की नेमका तेव्हाच गुडघा दुखायचा थांबतो आणि गावची स्पर्धा जवळ आलेली असते.

कुस्तीपटू विनेश फोगटचं उदाहरण अशा वेळी हमखास पुढे येतं. १७ ऑगस्ट २०२३ ला मुंबईत तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, मार्च २०२४ मध्ये ती निवड चाचणी जिंकली आणि ऑगस्टमध्ये पॅरिसला अंतिम फेरीपर्यंत पोचली. खरं आहे, पण असल्या खेळाडूंमागे रोज राबणारी माणसं असतात. पालीतल्या पोराला आठवड्यातून एकदा यायचं तर एसटीचं वेळापत्रक बघावं लागतं. त्याला क्रिकेटपटू ऋषभ पंतचं उदाहरण सांगावं. डिसेंबर २०२२ मध्ये अपघात, जानेवारीत मुंबईतच लिगामेंटचं ऑपरेशन, आणि मैदानावर थेट मार्च २०२४ मध्ये. २०१६ च्या एका अभ्यासात, नऊ महिन्यांपर्यंत खेळ लांबवलेल्या प्रत्येक महिन्यागणिक पुन्हा दुखापत होण्याचं प्रमाण जवळपास निम्म्याने घटलेलं दिसलं.

नुसते महिने मोजूनही भागत नाही. दुखऱ्या पायाची ताकद चांगल्या पायाच्या ९० टक्के हवी, असा रूढ निकष आहे. त्यातही गोम आहे: खाटेवरच्या दिवसांत चांगला पायही वाळतो, आणि त्याच्याशी तुलना करून मिळालेले ९० टक्के फसवे निघतात. शक्य असेल तर ऑपरेशनच्या आधीच दोन्ही पाय मोजून ठेवावेत.

आणि हे निकष परदेशी मैदानांवर घडलेले. एका पायावर लांब उडी मारली की पास. आपल्याकडे मात्र उकिडवं बसावं लागतं, लावणीला चिखलात वाकून दिवस काढावा लागतो, पंगतीत मांडी घालावी लागते. मागचा टेंडन काढलेल्या पायाची ताकद कमी पडते ती नेमकी गुडघा खोल दुमडताना. तेव्हा तपासणीच्या कागदावर उडीच्या खाली आणखी एक ओळ हवी: हात न टेकता, दोन्ही पायांवर सारखा भार देत, उकिडव्यातून उठता येतं का? पुष्कळजण उठतात, पण सगळा भार चांगल्या पायावर टाकून. ते समोरून कळत नाही, पाठीमागे उभं राहून बघावं लागतं.