बत्तीस-दोनची नोटीस आणि मंगळाचा संकेत

महसूल खात्याच्या चाकरीत ज्याचे अर्धे आयुष्य सातबारा, आठ-अ आणि फेरफार यांची दप्तरे सांभाळण्यात गेले, त्या माणसाने सेवानिवृत्तीनंतर शिक्रापुरात बसून मोबाइलवर वाचावयाची, आणि तीही विनामूल्य, विज्ञानकथा रचावी, हे माझ्या जुन्या सहकाऱ्यांना विसंगत वाटते. मला मात्र आयुष्यभर केलेल्या कामाचाच तो पुढचा अध्याय वाटत आला आहे.

विज्ञानकथेची गोडी मला दिवाळी अंकांनी लावली. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत ‘कृष्णविवर’ या कथेला पहिले पारितोषिक मिळाले आणि तिचा लेखक ‘नारायण विनायक जगताप’ म्हणजे दुसरे कोणी नसून आद्याक्षरे उलटी करून आपले नाव झाकणारे जयंत नारळीकरच होत हे उघड झाले, त्या काळापासून ही वाङ्मयशाखा मराठीत मानाने नांदू लागली, आणि आमच्यासारख्या खेड्यातल्या वाचकांनी नारळीकर, बाळ फोंडके, लक्ष्मण लोंढे यांच्या कथा एका हातातून दुसऱ्या हातात देत वाचल्या. २० मे २०२५ रोजी नारळीकर गेले त्या दिवशी ‘यक्षांची देणगी’ पुन्हा काढून वाचीत असता एक विचार मनाला फार लागून राहिला. सणसवाडी आणि रांजणगाव येथल्या कारखान्यांत पाळीवर जाणारी, मराठवाड्यातून आणि विदर्भातून येऊन शिक्रापुरात भाड्याच्या खोल्यांत राहणारी जी हजारो तरुण मुले आहेत, त्यांच्यापाशी दिवाळी अंक पोहोचत नाही. पण चाकण चौकात कंपनीच्या बसची वाट पाहत उभ्या असलेल्या त्या प्रत्येकाच्या हातात मोबाइल असतो, आणि नगर रस्त्यावर वाहतूक तुंबली म्हणजे वाचावयास वेळही भरपूर असतो.

मार्ग दाखविला तो माझ्या पुतणीने. तिने संगणकावर मला क्रिस्टीन लव्ह या लेखिकेची ‘डिजिटल : अ लव्ह स्टोरी’ ही २०१० साली विनामूल्य प्रसिद्ध झालेली कृती उघडून दिली. १९८८ सालच्या, दूरध्वनीच्या तारेने एकमेकांस जोडलेल्या संगणकांच्या जगात एका कृत्रिम बुद्धीशी होणारा पत्रव्यवहार, एवढेच तिचे कथानक. परंतु पत्र कोणाला लिहावयाचे आणि क्रमांक कोणता फिरवावयाचा हे वाचकानेच ठरवावयाचे असल्यामुळे अखेरच्या निर्णयाचे ओझे माझ्या स्वतःच्या मनावर येऊन पडले. अशा कृतीला व्हिज्युअल नॉव्हेल म्हणतात; हा प्रकार जपानात वाढला. पडद्यावर चित्र, त्याखाली मजकूर, बोट टेकविले की पुढचे वाक्य, आणि मधूनच कथा थबकून वाचकापुढे दोन-तीन पर्याय ठेवते, असे त्याचे साधे रूप आहे. ‘स्टाइन्स गेट’ ही २००९ सालची कालप्रवासाची कथा याच प्रकारातली. अशी कृती मराठीत, आपल्याच परिसरावर आणि फुकट हवी, असे मी बोलून गेलो. पुतणी म्हणाली, “काका, तुम्ही लिहा, चित्रं मी काढते.”

विषय शोधण्यास दूर जावे लागले नाही. पाबळमार्गे निघाले असता नारायणगावाजवळ खोडद येथे जी महाकाय मीटरतरंग रेडिओ दुर्बीण उभी आहे, तिच्या ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या सुमारे २५ किलोमीटरांच्या टापूत पसरलेल्या आहेत. रेडिओ खगोलशास्त्रज्ञ गोविंद स्वरूप यांनी भरीव पत्र्याऐवजी पोलादी तारांची जाळी दोरांवर ताणून या तबकड्या हलक्या आणि स्वस्त केल्या. राष्ट्रीय विज्ञान दिनाला तेथे प्रदर्शन भरते आणि शाळांच्या सहली लोटतात; आम्हीही गेलो होतो, आणि त्या जाळीतून पलीकडचे आभाळ दिसते हे पाहून पुतणीने तिथेच वही काढली. याच दुर्बिणीने १९ ऑक्टोबर २०१६ रोजी मंगळावर उतरू पाहणाऱ्या शियापारेली या युरोपीय यानाचा अत्यंत क्षीण संकेत पकडला होता. प्रकाशालाही यावयास जवळजवळ दहा मिनिटे लागावीत इतक्या अंतरावरून तो संकेत येत राहिला, आणि यान भूमीस टेकण्याच्या अपेक्षित क्षणाच्या थोडे आधी तुटला. यान आदळून नष्ट झाले होते. माझ्या कथेत अनेक वर्षांनी त्याच कंप्रतेवर तोच संकेत पुन्हा उमटू लागतो.

कथेची नायिका खोडदला तंत्रज्ञ आहे, माहेर शिक्रापूरचे, आणि वेळ नदीकाठच्या तिच्या वडिलांच्या जमिनीला औद्योगिक वसाहतीसाठी संपादनाची नोटीस लागली आहे. आमच्या भागात या नोटिशीला १९६१ च्या महाराष्ट्र औद्योगिक विकास अधिनियमातील कलमावरून ‘बत्तीस-दोन’ म्हणतात, आणि ती हाती पडली म्हणजे घराची झोप कशी उडते ते मी कचेरीच्या खिडकीतून पाहिले आहे. ज्या रात्री संकेत पुन्हा येणार, त्याच्या दुसऱ्या सकाळी प्रांतसाहेबांपुढे सुनावणी आहे. वडील आजारी, कागदपत्रांची माहिती फक्त तिला. येथे कथा थांबते आणि वाचकाला विचारते : खोडदला जावयाचे, की घरी राहावयाचे?

लेखनाचा खरा कस लागला तो या ठिकाणी. छापील कथेत लेखक एक वाट धरतो आणि दुसरी त्याच्या मनातच विरून जाते. येथे दोन्ही वाटा अखेरपर्यंत लिहून काढाव्या लागतात, आणि जी आपल्याला कमी प्रिय आहे तिच्यावर अन्याय केला तर वाचकाला ते तत्काळ कळते. खोडदची वाट माझ्या लेखणीतून सहज उतरली. घरी राहण्याची वाट मात्र फार दिवस अडून बसली. कारण त्या वाटेवर आकाशात काहीच घडत नाही. संकेत येतो आणि ऐकणारे कोणी नसल्यामुळे निघून जातो, आणि तो आला होता हे वाचकाला कधीच समजत नाही. मग त्या रात्रीत काय आहे? कंदिलाच्या प्रकाशात ट्रंकेतून काढलेले जुने खरेदीखत आहे, चासकमानच्या पाण्याचे आवर्तन कोणत्या साली बांधावर आले याविषयी वडिलांशी झालेला वाद आहे, हद्दीच्या दगडाची शपथ आहे. ही रात्र मी मोडीच्या दप्तराइतक्या सावधपणे लिहिली, आणि आज मला तीच अधिक आवडते.

वाटांचा हिशेब ठेवण्यास मी नोंदवही घातली. सातबाऱ्यावर वर्तुळात लिहिलेला फेरफार क्रमांक पाहून जशी मागची नोंद काढता येते, तसा प्रत्येक प्रसंगाला क्रमांक देऊन तो कोठून आला आणि कोठे जातो ते मी समोर लिहून ठेवीत असे. पुढे कळले की संगणकाची रीत हीच आहे. टॉम रॉथमेल यांनी २००४ साली प्रथम प्रसिद्ध केलेले ‘रेनपाय’ हे साधन मुक्त आणि विनामूल्य आहे. त्यात प्रसंगाला ‘लेबल’ द्यावयाचे, पर्याय ‘मेन्यू’खाली मांडावयाचे आणि ‘जंप’ म्हणून पुढच्या लेबलाकडे पाठवावयाचे. हीच कृती मोबाइलसाठी बांधून देता येते, आणि एकदा उतरवून घेतली की ती वाचावयास इंटरनेटही लागत नाही.

आधी आम्ही वापरलेल्या एका जुन्या साधनात देवनागरीची दैना होत असे. ‘स्थिती’ हा शब्द स, पाय मोडल्याची खूण आणि थ असा सुटा पडे, आणि पहिली वेलांटी अक्षराच्या आधी यावयाची ती मागून येई. रेनपायच्या अलीकडच्या आवृत्त्यांत अक्षरे जुळविण्याचे काम ‘हार्फबझ’ नावाची यंत्रणा करते. ती घेतली, मुंबईच्या एक टाइप या संस्थेने घडविलेला ‘मुक्ता’ हा खुला टंक बसविला, आणि जोडाक्षरांसह पहिले संपूर्ण वाक्य पडद्यावर शुद्ध उमटले तेव्हा पुतणीने आणि मी ते मोठ्याने वाचले.

कथा फुकटच द्यावयाची आणि जाहिरात घ्यावयाची नाही, हे आमचे पहिल्यापासून ठरलेले होते. ज्याच्या पगारातून खोलीभाडे, खानावळ आणि गावाकडची मनिऑर्डर निघावयाची, त्याच्यापुढे कथेच्या दारात किंमत ठेवणे मला पटत नाही. आणि मंगळाच्या संकेताची वाट पाहणाऱ्या वाचकापुढे मध्येच जुगाराची जाहिरात नाचणे हा वाचकाचा अपमान आहे.

आमच्या शेजारच्या खोलीत बीडकडचा एक तरुण राहतो. रात्रपाळीहून आल्यावर त्याने कथा वाचली, घरी राहण्याची वाट निवडली, शेवटपर्यंत गेला, आणि दुसरी वाट उघडून पाहण्यास त्याने साफ नकार दिला. “काका, जमीन गेल्यावर मंगळ घेऊन काय करायचं?” त्याच्या स्वरात तक्रार नव्हती. मी त्याला आग्रह केला नाही. त्याने निवड केली होती आणि ती पुरेपूर निभावली होती. परंतु चार दिवसांनी तोच परत आला, आणि दारातच म्हणाला, “तिनं वडिलांकडून भावाच्या नावानं कुलमुखत्यारपत्र करून घेतलं तर? कागद समजावून सांगायचे, त्याला प्रांताकडं धाडायचं आणि हिनं रात्री खोडद गाठायचं. जमतं का कायद्यानं?”

कायद्याने जमते. नोंदवहीत मी त्या वाटेला नवा क्रमांक दिला आहे, आणि सध्या भावाला कागद समजावून देण्याचा प्रसंग लिहितो आहे. भाऊ सणसवाडीला पाळीवर जातो, त्याला रजा मिळवावी लागणार, आणि ती कशी मिळते हे तो तरुण मला संध्याकाळी येऊन सांगतो.